जुन्या बनावटीचा कॅमेरा, एक नग

खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगलीत दगडही खाल्ले. पण कोणतं प्रकरण मनातून जात नाही असं कोणी विचारलं, तर मला हटकून एक कॅमेरा आठवतो. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती आणि मी वाशीम जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो.

पुण्याच्या एक निवृत्त प्राध्यापिका सकाळी सकाळी ठाण्यात आल्या. जुन्या मंदिरांवर त्या पुस्तक लिहीत होत्या. आदल्या दिवशी शेलूबाजारहून दिवसभरासाठी जीप ठरवून त्या शिरपूर जैनला गेल्या. मंदिरात फोटो काढू देत नाहीत, म्हणून आत जाताना पिशवी जीपमध्येच ठेवली. संध्याकाळी कारंज्याला मुक्कामी पोहोचून पिशवी उघडली, तर कॅमेरा नाही. किंमत सांगितली तेव्हा आमच्या हवालदाराने लिहिता लिहिता पेन थांबवलं. एवढ्या पैशात आमच्याकडे दोन चांगल्या म्हशी येतात. बाई म्हणाल्या, डिजिटल कॅमेरा आहे, एकाच भिंगाचा, ते भिंग बदलता येत नाही. हवालदाराने मान हलवली आणि 'महागडा डिजिटल कॅमेरा' एवढंच लिहून घेतलं. बाईंना किमतीपेक्षा आतल्या फोटोंची काळजी होती. दोन महिन्यांचं काम त्यात होतं.

पिशवी तासभर जीपमध्ये, जीपमध्ये चालक एकटा. असं प्रकरण हातात आलं की पोलिसाला तपास नको वाटतो, उत्तर आधीच मिळालेलं असतं.

चालक तिशीच्या आतबाहेरचा, शेलूबाजारच्या स्टँडवर सगळ्यांच्या ओळखीचा. माझ्याही टेबलावर त्याचं नाव होतं. एका शाळेच्या गाडीवर त्याची नेमणूक होणार होती आणि त्यासाठी लागणाऱ्या चारित्र्य पडताळणीचा अर्ज माझ्या अहवालासाठी पडून होता. पक्की नोकरी, ठरलेला पगार, आणि भाड्यासाठी स्टँडवर ओरडणं बंद. त्याच्यासाठी तो कागद म्हणजे सगळं काही होता. आठवड्याच्या आत अहवाल गेला नाही तर शाळा दुसरा माणूस घेणार, हेही त्याने आधी येऊन हात जोडून सांगितलं होतं.

दुपारी खबऱ्याचा फोन आला. हा चालक त्याच दिवशी सकाळी कारंज्यात एका कॅमेरे दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात गेला होता आणि कॅमेऱ्याच्या विक्रीबद्दल काही विचारत होता. मी मनात म्हटलं, झालं काम. भर स्टँडवरून, शंभर माणसांसमोर त्याला आमच्या गाडीत बसवून आणलं.

चौकशीला बसवलेला माणूस आधी पाणी मागतो, मग लघवीला जायचं म्हणतो, मग कोणा पुढाऱ्याचं नाव घेतो. याने काहीच मागितलं नाही. सारखा माझ्या टेबलावरच्या कागदांच्या गठ्ठ्याकडे पाहत राहिला. अपराधी माणूस डोळ्याला डोळा देत नाही, हा माझा जुना हिशेब. तो मी इथेही लावला. आपला अर्ज त्या गठ्ठ्यात आहे म्हणून तो तिकडे पाहतो आहे, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही.

कारंज्याला कायले गेलता, असं त्याच्याच बोलीत विचारलं. तो म्हणाला, "साहेब, बाईचा फोन आला तवा मीच शोधाले निंघालो. कोणी इकाले आणला का, हेच पुसत होतो."

चोर स्वतःच चोरीचा माल शोधत फिरतो म्हणे! मी टेबलावर हात आपटला. इतरांसमोर नको ते बोललो. तुझा अर्ज आत्ता फाडून टाकतो, अशी धमकी दिली आणि एक थप्पडही मारली. संध्याकाळी सोडलं, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बोलावून बाकावर बसवलं.

गुन्ह्याला पुरावा हवा म्हणून त्या दिवशी मी स्वतः कारंज्याला दुरुस्तीवाल्याचा जबाब घ्यायला गेलो. दुकान बोळात, एका माणसाला बसता येईल एवढं. दुरुस्तीवाले चाचा सत्तरीचे, डोळ्याला घड्याळजीचं भिंग लावलेले. चाळीस वर्षं कॅमेरे आणि घड्याळं उघडण्यात गेलेली. चालक आला होता, हे त्यांनी लगेच सांगितलं. काय विचारलं, तेही सांगितलं. शब्द अगदी चालकाने सांगितलेलेच. मी जरा वरमलो, पण हेका सोडला नाही. बाईंनी दिलेला कॅमेऱ्याचा फोटो त्यांच्यापुढे धरला.

चाचांनी तो बराच वेळ पाहिला आणि हसले. म्हणाले, असा पीस हातात घ्यायची फार इच्छा आहे. काळं-चंदेरी अंग, वर धातूच्या चकत्या, बाहेरून कातड्याची तपकिरी खोळ. आत सगळं आजचं आणि वरून त्यांच्या तरुणपणातला रोलचा कॅमेरा. आमच्याकडचे लग्नाचे फोटोवाले भलीमोठी भिंगं बदलत फिरतात. लोकांना महाग कॅमेरा म्हणजे तोच ठाऊक. मग त्यांनी फोटो परत दिला.

"साहेब, बुरा नका मानू. पर तुमी लाखाचा कॅमेरा काहून शोधून राह्यले? ज्याले सापडला असन त्याले हा जुना डबाच दिसला असन. तुमी जुना डबा शोधा."

जुना. रोलचा. हे शब्द मी वाचले होते, आणि कुठे वाचले होते हेही लगेच आठवलं.

ठाण्यात कोणी सापडलेली वस्तू आणून दिली की मोहरर, म्हणजे आमचा लेखनिक जमादार, ती डोळ्याला दिसेल तशी लिहितो, चिठ्ठी बांधतो आणि मुद्देमालाच्या खोलीत ठेवतो. सकाळी ठाणेदार नोंदीवर सही करतो. वस्तू पाहून सही करायची असा नियम आहे. मी नोंद पाहून सही करायचो. प्राध्यापिकाबाई आल्या त्या सकाळी मोहरर पुतणीच्या सोयरिकीसाठी रजेवर निघायच्या घाईत होता, मी चहाच्या.

परत येऊन नोंदवही उघडली. 'शेतमजूर बाईस पुलाच्या कठड्यावर मिळून आलेला जुन्या बनावटीचा रोलचा कॅमेरा, एक नग. भिंग फिरवून पाहिले, निघत नाही.' खाली माझी सही. नोंदीची तारीख प्राध्यापिकाबाईंच्या फिर्यादीच्या आदल्या दिवसाची. मुद्देमालाची खोली उघडली. फुटलेले हेल्मेट आणि बेवारस छत्र्या यांच्यामध्ये कॅमेरा होता. मागचा पडदा खोळीत झाकलेला, मोहररने खोळ काढलीच नव्हती. प्राध्यापिकाबाईंना फोन केल्यावर उलगडलं: शिरपूरला जाताना त्या पुलावर उतरल्या होत्या, पाणी पिताना त्यांनी तो कठड्यावर ठेवला होता आणि पिशवीत घातला असं समजून पुढे गेल्या होत्या. त्या शेतमजूर बाईने दिवसाची मजुरी आटोपून तीन कोस चालत तो ठाण्यात आणून दिला. आम्ही तिच्या आभाराचं एक वाक्यही लिहिलं नव्हतं.

चालक बाहेर बाकावरच होता. त्याला आत बोलावलं, खुर्चीवर बसवलं, कॅमेरा आणि नोंदवही दोन्ही पुढे ठेवली. चूक माझी आहे, मला माफ कर, असं म्हणालो. गणवेशात हे शब्द मी त्याआधी कधी उच्चारले नव्हते.

त्याने नोंद वाचली. वही मिटून माझ्याकडे सरकवली. मग म्हणाला, "साहेब, माह्या त्या फारमावर सही होईन का?"

सही तिथेच झाली आणि अहवाल त्याच दुपारी गेला. चहा झाला, त्याला सोबत जेवायला बसवलं. नंतर ज्या गाडीतून आणला होता, तिच्यातच पुढच्या सीटवर बसवून मी त्याला स्टँडवर नेलं. तो लोकांना म्हणाला, "साहेबायले कॅमेरा सापडला." मी त्याला थांबवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की कॅमेरा आमच्याच ठाण्यात होता. दोनचार जण हसले. हसणं रास्तच होतं.

प्राध्यापिकाबाईंचे फोटो शाबूत निघाले. त्यांनी त्या शेतमजूर बाईचं घर शोधून काढलं आणि तिच्या अंगणात बसून आल्या. चालक शाळेच्या गाडीवर लागला.

महिनाभराने कोणीतरी माझ्याविरुद्ध निनावी अर्ज केला: निर्दोष माणसाला ठाण्यात मारलं. अर्ज खरा होता. उपविभागीय अधिकाऱ्यांनी चालकाला बोलावलं. मी बाहेर उभा होतो, दार उघडं होतं. नोकरीच्या शेवटच्या टप्प्यावर माझं काय व्हायचं ते त्याच्या एका वाक्यावर होतं.

तो म्हणाला, "साहेबायनं मले चहा पाजला, जेवू घातलं, माफी मांगली अन् लोकायसमोर नेऊन सोडलं."

अर्ज निकाली निघाला आणि मी निष्कलंक निवृत्त झालो. या प्रकरणाने मला काय शिकवलं, तर सही करण्याआधी वस्तू हातात घ्यायची, आणि माणसाबद्दलही तेच. पण शिकवणीपेक्षा माझ्यावर उपकारच जास्त आहेत. त्या शेतमजूर बाईचे, चाचांचे, आणि सर्वांत जास्त त्या चालकाचे. त्याने सांगितलेलं सगळं खरं होतं. थप्पड तेवढी त्याने सांगितली नाही. म्हणून ती मी लिहिली.