साडेसातचा तास

पहिल्या वर्षाला मुलं कमी पडायला लागली, तेव्हा आमच्या प्राचार्यांनी बैठकीत सांगून टाकलं, "रसायनशास्त्राचा वर्ग यंदा भरला नाही, तर विभाग बंद." अठरा वर्षं मी तो विभाग सांभाळत होते.

तालुक्यातल्या नव्या कॉलेजनं 'हजेरीची सक्ती नाही, थेट परीक्षेला या' असं गावोगाव सांगायला सुरुवात केली होती. सहकारी म्हणाले, आपणही तेच सांगू. मी भडकले. प्रयोगशाळेचं तोंड न पाहिलेल्या मुलीला रसायनशास्त्राची पदवी द्यायची असेल, तर कुलूप आजच लावा म्हटलं.

मग कॉलेज कुठं कमी पडतं ते तपासायचं ठरलं. म्हणजे काय, तर वर्गात फॉर्म वाटले. 'कॉलेजची वेळ सोयीची आहे का?' सगळ्यांनी 'हो' लिहिलं. प्राचार्य खूश! अहो, जी मुलं सकाळी साडेसातला येऊन बसलीच आहेत, ती दुसरं काय लिहिणार?

उन्हाळ्यात प्रवेशासाठी घरोघर फिरायची आम्हा प्राध्यापकांची रीतच आहे. त्या वर्षी मी पत्रकं घरी ठेवली आणि नुसती विचारत फिरले. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावात बारावी झालेली मुलगी ओट्यावर डाळ पाखडत होती.

"काऊन वं, आमच्या कॉलेजात काऊन नाही येत?"

"मले तं यायचंच हाये, मॅडम. पण आमची पयली यष्टी नऊले पोचते. तुमचं प्रॅक्टिकल तवा सुटते."

"म्हणून त्या नव्या कॉलेजात नाव घालून राह्यली?"

"हाव. तिथं जावंच लागत नाही ना."

परत येऊन मी साडेनऊची वेळ मागितली. आमचे निम्मे प्राध्यापक खामगाव-अकोल्याहून गाडीनं येणारे. एकजण म्हणाले, "मॅडम, मंग आम्ही घरी जेवाले कवा जावं?"

"कॉलेज आमच्या जेवणाच्या वेळेवर चालते, असं पत्रकावर छापा मंग," मी म्हटलं. शेवटी प्राचार्यांनी एका वर्षापुरती वेळ बदलली, तीही नाक मुरडत. मी तेच गावागावात सांगून आले. वर्ग भरला.

पहिल्याच दिवशी एसटी रखडली. माझा अर्धा फळा लिहून झाला होता, तेवढ्यात ती डाळ पाखडणारी मुलगी धापा टाकत दारात आली. मागं आणखी सहाजणी.

"मॅडम, उशीर झाला. आत येऊ?"

अठरा वर्षं उशीर आम्हीच केला होता आणि माफी ती मागत होती. मला लाज वाटली.

"या," मी म्हटलं, आणि फळा पुसून तास पहिल्यापासून सुरू केला.