किनवटच्या सागाचं दार

आख्ख्या नांदेड शहरात घराच्या आधी दार घेतलेला माणूस एकच झाला, आणि तो माझा सख्खा मामा. लोक आधी जागा घेतात, पाया खणतात, चौकटीची पूजा करतात, भिंती उचलतात, आणि शेवटी पैसे संपत आले की दारासाठी मेहुण्यापुढं तोंड वेंगाडतात. मामांनी हा सगळा खटाटोप उलट्या टोकानं सुरू केला. त्यांनी दार घेतलं. किनवटच्या सागाचं, चौकटीसकट, उंबऱ्यासकट, दोन फळ्यांचं, प्रत्येक फळीवर एकेक कमळ कोरलेलं आणि पितळी कड्या लावलेलं. आता फक्त घर तेवढं राहिलं होतं. ते पुढं चौतीस वर्षं राहिलंच.

मामा वजिराबादेत एका कापडाच्या दुकानात नोकरीला होते. गिऱ्हाइकापुढं साड्या उलगडायच्या, आणि बाई "जरा पुढं बघून येते" म्हणून निघून गेली की त्यांच्या पुन्हा घड्या घालायच्या, हे त्यांचं जन्मभराचं काम. दर दिवाळीला मालक नवा भाव सांगायचे आणि मामा तो निमूटपणे गिऱ्हाइकाला सांगायचे. त्यातून त्यांचं एक तत्त्वज्ञान तयार झालं होतं. "वर गेलेला मानूस आन् वर गेलेला भाव, दोन्ही खाली येत न्हाईत, भाच्या." म्हणून जे लागणार ते महाग व्हायच्या आत घेऊन ठेवायचं. स्वेटर उन्हाळ्यात, छत्री दिवाळीत. मुलाला, म्हणजे माझ्या मामेभावाला, संतोषला, शाळेचे बूट दोन नंबर मोठे. सातवीपर्यंत संतोष नेहमी नववीतल्या पोराच्या बुटात कापूस कोंबून चालला. नव्या घरासाठी म्हणून मामांनी उगवत्या सूर्याच्या नक्षीच्या खिडकीच्या जाळ्या घेतल्या, पंखा घेतला, आणि एकदा तर पांढरंशुभ्र कमोड घेतलं. भाड्याच्या घरात ते कुठं ठेवणार? मामीनं त्यावर क्रोशाचा रुमाल घातला आणि बैठकीत कोपऱ्यात ठेवलं. पाहुणे त्यावर टोप्या ठेवायचे. मी स्वतः चांगल्या दोन उन्हाळी सुट्ट्या त्यावर दप्तर ठेवून त्यापुढं बसून अभ्यास केलेला आहे, आणि माझं पुढं जे काही झालं त्याचं खापर मी अधूनमधून त्यावर फोडतो.

पण खरी गोष्ट दाराचीच. लोह्याकडच्या शेतातला वाटा भावांना देऊन मामांच्या हातात पहिल्यांदा आणि शेवटचीच एकरकमी गड्डी आली, तेव्हा शहराच्या कडेला, तरोड्यात एक प्लॉट विकायला होता. किनवटच्या वखारीत हा साग होता. दोन्हींची किंमत जवळजवळ सारखी. माझ्या वडिलांनी, म्हणजे मामांच्या दाजींनी, प्लॉट घे म्हणून परोपरीनं सांगितलं. मामा हसले म्हणे. "जमीन कुठं पळून जाती का, दाजी? ती हितंच राहनार. जंगलातला साग मातर संपून राहिला." त्याच वर्षी संतोष झाला. घरात एक दार आणि एक मुलगा, दोन्ही एकदमच आले, आणि पुढं बरीच वर्षं मामीला दोघांपैकी कशाची जास्त काळजी घेतली जाते हे नीट सांगता यायचं नाही.

जमीन खरोखर पळाली नाही. पळाला तो भाव. मामा दर रविवारी प्लॉट बघायला जायचे. दुकानाला सुट्टी, अंगावर इस्त्रीचा सदरा, खिशात पेन. पण मामांची शिल्लक तरोड्याला पोचेपर्यंत तरोडा पुढं निघून गेलेला असायचा. आधी ऐपतीतला प्लॉट बघायला ते पायी जायचे, मग ऑटोनं, मग एसटीनं. पुढं त्यांच्या ऐपतीतला प्लॉट अर्धापूरच्या केळीच्या बागांत शिरला, आणि एका उन्हाळ्यात तर तो मुदखेडला गेला, तेव्हा मामा रेल्वेनं बघायला गेले. तिथंही एजंट म्हणाला, "काका, मागच्या महिन्यात आला असता तर." मामा मला म्हणाले, "मी जिंदगीभर मागच्या महिन्यात कधी आलोच न्हाई बघ."

तोवर दार अकरा भाड्याच्या घरांतून फिरलं. दरवेळी हातगाड्यावर सगळ्यात आधी दार, मग मामी. नवा घरमालक ते बघून हबकायचा. एकानं विचारलं, "तुम्ही भाड्यानं राहायला आलात का भिंत फोडायला?" गल्लीतली माणसं सुताराचं दुकान समजून भाव विचारायला यायची. मामा शांतपणे सांगायचे, "दार हाय माझ्याकडं. मी घर बघून राहिलो. तुमच्याकडं असंल तर बोला." चौकट भिंतीला टेकलेली असायची आणि तिच्यावर टॉवेल वाळायचे. दोन्ही फळ्या विटांवर आडव्या टाकून त्यांचे पलंग केले होते. संतोष दारावर झोपून मोठा झाला. मी सुट्टीत गेलो की दुसरी फळी माझी. सकाळी उठलं की गालावर अर्धं कमळ उमटलेलं असायचं. त्यावरून मामी ओळखायची की पोरगा रात्रभर एका कुशीवर झोपला. दिवाळीत अंगाला उटणं नंतर, आधी दाराला जवसाचं तेल. मामा स्वतःच्या हातानं, जुन्या धोतराच्या फडक्यानं ते लावायचे. "आपल्या घराला बसलं म्हंजी शंभर वर्षं बघाय नको," म्हणायचे.

आम्ही पोरं हसायचो. आता हसू येत नाही, कारण मी आता चाळिशीकडं आलो आणि माझ्याकडं दारसुद्धा नाही. मी लातुरात एका विनाअनुदानित कॉलेजात शिकवतो. मागच्या जूनमध्ये माझ्या घरमालकांनी मला चहा पाजला, तेव्हाच मी काय ते समजलो. "सर, राग मानू नका, पर ह्याच दोन खोल्यांत आठ पोरं राहतेत, कॉट बेसिसवर." क्लाससाठी गावोगावहून आलेली ती पोरं माझ्या बायकोनं लावलेल्या कढीपत्त्यासकट ते घर घेऊन बसली. त्यांचा तरी काय दोष? त्यांचे आईबाप तिकडं एकेका कॉटचं भाडं भरता भरता मेटाकुटीला आलेले. माझे वडील मात्र अजून म्हणतात, "आम्ही एवढ्याशा पगारात घर बांधलं. तुमच्या पिढीला बचत ठाऊक न्हाई." मी त्यांचं ऐकून एकदा वर्षभर बाहेरचा चहा सोडून बघितला. ॲसिडिटी गेली. घर काही आलं नाही.

हा संताप संतोषच्या पोटात माझ्यापेक्षा जास्त होता, कारण त्याला समोर रोज ते दार दिसायचं. तो औषधांच्या कंपनीत फिरतीची नोकरी करतो. वय तेहतीस. सोयरीक घेऊन आलेली माणसं पोहे संपायच्या आत विचारायची, "घर सोताचं हाय का?" अशीच एक सोयरीक मोडल्यावर तो मामांवर तुटून पडला. मी तिथंच होतो.

"आप्पा, त्या वर्षी ह्या लाकडाच्या जागी प्लॉट घेतला असता तर आज मला असं मान खाली घालून बसावं लागलं नसतं. लोक घर इचारतेत आन् मी दार दाखवून राहिलो."

मामांनी बराच वेळ साडीची घडी घालावी तशी उपरण्याची घडी घातली. मग म्हणाले, "तुझ्या वयाला मी दार तर घेतलं. तू काय घेतलं रं?"

"मोबाइल," संतोष म्हणाला. "तोबी हप्त्यावर."

कुणीच हसलं नाही. दोघंही खरं बोलत होते, आणि म्हणूनच ते भांडण मिटायची काही सोय नव्हती. बापाला वाटतं पोरानं कष्ट केले नाहीत, पोराला वाटतं बापानं संधी घालवली, आणि ज्यानं दोघांनाही लुबाडलं तो भाव कुठल्याच बैठकीत समोर येऊन बसत नाही.

शेवटी संतोषनं वीस वर्षांचं कर्ज काढून शहराबाहेर एक फ्लॅट घेतला. चौथा मजला, बैठक आणि एक खोली. मामा ताबा घ्यायच्या आधी दुकानातली मीटरपट्टी घेऊन गेले. चौकट सात फूट उंच, चार फूट रुंद. फ्लॅटचं दार तीन फुटांचं. लिफ्टमध्ये फळी शिरत नव्हती. बिल्डरचा माणूस भला होता. म्हणाला, "काका, पूर्ण बिल्डिंगचे दारं एकसारखेच हायेत. तुमचं बसवलं तर भिंत राहत न्हाई." मामांनी पुन्हा एकदा मोजलं. मीटरपट्टीनं एकदा दिलेलं माप बदलत नाही हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी सकाळी, चहा पिता पिता ते संतोषला म्हणाले, "इकून टाक." ज्या दाराला तो तेहतीस वर्षं शिव्या घालत आला, त्याला विकायच्या आदल्या रात्री त्यानंच जवसाचं तेल लावलं.

दार चांगल्या भावानं गेलं. सागाचं मामांनी सांगितलं होतं ते खरंच झालं, साग महागला. फ्लॅटच्या रजिस्ट्रीचा खर्च त्यातून निघाला. घेणारा अर्धापूर रोडवर एक नवं हॉटेल बांधत होता, जुन्या काळाच्या घरासारखं दिसणारं. सिमेंटच्या भिंतीला मातीचा रंग, कंदिलात बल्ब.

घरभरणीला मी लातूरहून गेलो. पूजा झाली. मामा त्या तीन फुटी दारातून आतबाहेर करत होते, पण पाहुणा वागतो तसे, अंग चोरून. दुसऱ्या दिवशी दुपारी संतोष म्हणाला, "चला, भाईर जेवू." गाडी अर्धापूर रोडला लागली तेव्हा मी हळूच विचारलं, "तिथंच कामून?" तो समोर बघत म्हणाला, "बघू दे त्यांना एकदा. भिंतीत."

दार भिंतीत होतं. उभं, तेल लावलेलं, दोन्ही फळ्या उघड्या. इतकी वर्षं मी त्यावर झोपलो, पण ते उभं असं कधीच बघितलं नव्हतं. मामा जवळ गेले. कमळावरून अंगठा फिरवला. "डाव्या फळीचं कमळ जरा उथळ हाय. सुतार त्या दिवशी जेवायला घाई करून राहिला व्हता." मग त्यांनी चप्पल काढली.

दारात रामराम घालायला पगारी ठेवलेला फेटेवाला म्हणाला, "काका, चप्पल राहू द्या. आत हाटेल हाय."

"म्हाईत हाय," मामा म्हणाले. "हाटेल तुमचं हाय."

आणि उजवा पाय उंबऱ्यापलीकडं टाकला. मामीनं पिशवीतून कुंकवाची डबी काढली आणि वाकून उंबऱ्याला दोन बोटं लावली. संतोषनं बूट काढले. मग मीही काढले.

आत मामांनी पिठलं-भाकरीचा भाव वाचला. "ह्या भावात मी दुकानात नऊवारी पातळ इकलंय," म्हणाले आणि दाराकडं तोंड करून जेवले. निघताना आम्ही सगळे बाहेर आलो, पण मामा उंबऱ्यावरच थांबले. एक हात चौकटीला. समोर पार्किंग, रस्ता, पलीकडं केळीच्या बागा. मी म्हटलं, "मामा, चला."

"थांब जरा," ते म्हणाले. "चौतीस वर्षं दाराकडंच बघितलं, भाच्या. दारातून भाईर बघायचं राहिलं व्हतं."

तेवढ्यात एक तरुण जोडपं आलं, कडेवर लेकरू. "काका, जरा सरकता का? दारात फोटो काढायचाय." मामा हसले, चप्पल हातात घेऊन बाजूला झाले, आणि त्यांचा फोटो होईपर्यंत उन्हात उभे राहिले.