ड्यूटीवरचं पाखरू

हवालदार पारवा कापण्याआधी त्याच्याशी बोलत. डाव्या तळहातात पाखरू उताणं धरत, अंगठ्यानं छातीवरची पिसं सारखी करत आणि हलक्या आवाजात सांगत, "गड्या, तुझ्यावर राग न्हाई. घरात मानूस आजारी हाय." मग सुरी. आवाज चढत नसे. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तोंड धुवायला घेतलेला तांब्या तसाच ठेवून खोलीत परत गेलो. पाखरं मारताना मी पाहिली होती. मारण्याआधी त्यांची समजूत घालताना कुणाला पाहिलं नव्हतं.

हे दुसरी मोठी लढाई संपल्यानंतरच्या वर्षातलं. मी सांगलीच्या एका साप्ताहिकात बातम्या लिहीत होतो आणि गावाबाहेर, मिरजेच्या रस्त्याला, हवालदारांच्या घरातली पुढची खोली भाड्यानं घेतली होती. हवालदार पहिल्या लढाईत इराकातल्या बसऱ्यापर्यंत जाऊन आले होते. पेन्शनीत निघून बराच काळ लोटला होता, तरी त्यांचं नाव-आडनाव कुणी घेत नसे. ते हवालदार आणि त्यांच्या पत्नी हवालदारकाकू. मूलबाळ नव्हतं. घरामागं परसबाग होती: केळी, शेवगा, दोडक्याचा वेल, धुण्याचा दगड आणि त्या दगडाच्या पाण्यावर वाढलेलं अळू.

जगात त्यांच्या लेखी दोनच प्रकारची माणसं होती, ड्यूटीवरची आणि सुटीवरची. पोस्टमन दारात आला की ते आधी पाण्याचा तांब्या पुढं करत, पण त्याला बसा म्हणत नसत. एकदा मी त्याच्याशी पावसापाण्याचं बोलू लागलो, तर तो गेल्यावर मला त्यांनी सुनावलं, "पेपरवालं, ड्यूटीवरच्या मानसाला पानी द्यावं. बोलन्यात गुतवू नये. त्याची कुनीतरी वाट बघत असतंय." हा नियम ते भंग्यालाही लावत आणि मामलेदाराच्या शिपायालाही.

काकूंना लकवा झाला होता. उजवं अंग गेलं होतं आणि वाचाही गेली होती. एक शब्द मात्र मागं राहिला होता: "व्हय." भूक लागली का, व्हय. पोट भरलं का, व्हय. शेजारणी थट्टा करत. "काकू, तुमची पुतळ्याची माळ मला देता न्हवं?" काकू डावा हात गळ्यावर घट्ट ठेवत आणि म्हणत, "व्हय." सगळ्या हसत, काकूही अर्ध्या तोंडानं हसत. हवालदार सुपारी कातरता कातरता म्हणत, "लगीन झाल्यापास्नं कवा माझ्या बोलन्याला व्हय म्हनली न्हाई. आता बगा, समद्याला व्हय. मलाच भ्या वाटतंय."

पारव्यांचा उपाय काकूंच्या भावानं आणला होता. ते कवठे महांकाळकडचे, जिराईत शेती करणारे, अंगानं उंचेपुरे आणि बोलण्यात तापट. बहिणीवर त्यांचा जीव होता. त्यांच्याकडच्या एका जाणत्या म्हाताऱ्यानं सांगितलं होतं, की पारव्याचं ताजं, ऊन रक्त दर रविवारी मेलेल्या अंगाला चोळायचं. वार चुकवायचा नाही. एक चुकला तर चालेल, लागोपाठ दोन चुकले तर आधी केलेलं सगळं वाया. त्या भागात हा उपाय सर्वांना ठाऊक होता. त्याचा धक्का बसलेला घरात मी एकटाच होतो.

हवालदार जवळच्या मळ्यातल्या जुन्या दगडी विहिरीवर तिन्हीसांजेला जाळं टाकत. कपारीत बसायला आलेले पारवे त्यात सापडत. रविवारी सकाळी पितळेची वाटी घेऊन ते काकूंच्या बाजेपाशी बसत आणि दर वेळी विचारत, "लावू न्हवं?" काकू म्हणत, "व्हय." मग ते खांद्यापासून बोटांपर्यंत चोळत. वास माझ्या खोलीपर्यंत येई. दसऱ्याच्या सुमारास काकूंच्या उजव्या हाताचं एक बोट हललं, निदान हवालदारांना तसं दिसलं. त्या दिवशी त्यांनी आळीत साखर वाटली.

थंडी पडू लागली आणि विहीर रिकामी झाली. पारवे तिथं बसेनासे झाले. एक रविवार कोरडा गेला. मेव्हणे आले, आसपासच्या विहिरी धुंडाळून आले, हात हलवत परतले. दुसरा रविवार उद्यावर आला.

शनिवारी सकाळी परसातून मेव्हण्यांची हाक ऐकू आली, "दाजी! आवं दाजी, भाईर या! उद्याची सोय झाली! देवानं घरपोच धाडलंय!"

धुण्याच्या दगडाखाली, अळवाच्या पानांत, एक पाखरू बसलं होतं. रंगानं पारव्यासारखंच निळसर राखी, पण छातीनं भरदार, मानेनं ताठ. एक पंख किंचित लोंबत होता. माणसं जवळ आली तरी ते उडालं नाही. चोच पन्हाळीत बुडवून ते पाणी पीत राहिलं, थांबत नव्हतं. हवालदारांनी ते अलगद उचललं, नेहमीसारखं तळहातात उताणं केलं, अंगठा छातीवर ठेवला. ते बोलायला लागणार इतक्यात थांबले. पाखराच्या पायात धातूचा वाळा होता. त्यावर इंग्रजी अक्षरं आणि आकडे कोरलेले होते.

हवालदारांनी पाखरू सुलटं केलं.

"पावनं, हे कापता येत न्हाई. हे फौजेचं हाय. बसऱ्याला मी बगितल्यात. टोपल्यातनं न्यायचे. चिठ्ठी बांधून सोडली की नीट ठान्यावर. हे ड्यूटीवर हाय."

"आवं दाजी, लढाई संपली की!"

"संपली. पर ह्याला कुनी सांगितलं?"

मेव्हणे माझ्याकडं पाहू लागले. बायकोच्या एका बोटासाठी महिनोन्‌महिने विहिरीवर जाळं टाकणारा माणूस, हाती आलेलं पाखरू पायातल्या वाळ्यासाठी बाजूला ठेवत होता आणि बोलत होता तो आमच्यापैकी सर्वांत शांतपणे.

पाखराची व्यवस्था त्यांनी पाहुण्यासारखी केली. ज्वारी आणि मूग कोरडेच टाकले. मी भाकरीचा तुकडा कुस्करू लागलो तर हात धरला, "शिजल्यालं नगं. पोट फुगंल." उथळ परातीत पाणी ठेवलं. पंख उघडून पाहिला, हाड मोडलेलं नव्हतं. मांजराची भीती होती म्हणून कोंबड्या झाकायचं डालगं आणून पाखरू त्याखाली ठेवलं, आणि डालगं काकूंच्या बाजेला लागून, डाव्या हाताला. काकू दिवसभर डालग्याच्या फटीतून आत पाहत होत्या.

मेव्हणे न जेवता मिरजेला गेले होते. संध्याकाळी परत आले ते बातमी घेऊन. एका कबूतरवाल्याला त्यांनी वाळ्याचं वर्णन सांगितलं होतं.

"दाजी, फौजेबिजेचं काय न्हाई. श्यर्यतीचं हाय. शौकीन लोक रेल्वेनं लांब नेऊन सोडत्यात, कुनाचं आदी घरी पोचतंय त्यावर पैजा मारत्यात. थकलं की असं कुटंबी उतरतंय. श्रीमंताचा ख्योळ हो! कसली ड्यूटी आन कसलं काय!" मग त्यांचा आवाज फुटला. "माझी भन तितं लाकडावानी पडलीया. तुमी कबुतराला मूग घालताय."

हवालदार जोत्यावर बसून पायांकडं पाहत राहिले.

"श्यर्यतीचं?"

"आक्काची आन."

"उद्या सकाळी," हवालदार म्हणाले. उठले आणि सुरी पाजळायला बसले. मला वाटलं होतं ते भांडतील. ते भांडले नाहीत. पाखरू ड्यूटीवर नव्हतं, बायको आजारी होती. त्यांच्या दृष्टीनं हिशेब संपला होता.

रविवारी उजाडताच मेव्हण्यांनी डालगं उचललं. खाली ज्वारीचे दाणे आणि एक पीस. पाखरू नव्हतं.

मांजर म्हणावं तर रक्त नव्हतं. दाराला आतून कडी होती. मेव्हण्यांनी माळ्यावर पाहिलं, उतरंडीमागं पाहिलं, परसात केळीच्या बुंध्यांत पाहिलं. हवालदार हातात सुरी आणि वाटी घेऊन बाजेपाशी उभे होते. मी दारात होतो. सगळे हताश होऊन गप्प झाले, तेव्हा घुमण्याचा आवाज आला. जवळून, दबलेला, ऊबदार. तो काकूंच्या गोधडीतून येत होता.

हवालदारांनी गोधडीचं टोक वर केलं. काकूंनी पाखरू मेलेल्या उजव्या बाजूला, काखेत दडवलं होतं. डावा हात अंगावरून पलीकडं नेऊन त्यांनी त्याला घट्ट झाकलं होतं. ज्या बाईला कुशीवर वळवायला दोन माणसं लागत, तिनं एका हातानं डालगं उचललं होतं, पाखरू ओढून घेतलं होतं आणि डालगं पुन्हा होतं तसं ठेवलं होतं.

"आगं, तुज्यासाठीच हाय न्हवं त्ये," हवालदार म्हणाले. त्यांनी वाटी तिच्या उशाशी ठेवली आणि सवयीनं विचारलं, "लावू न्हवं?"

"व्हय," काकू म्हणाल्या. आणि डाव्या हातानं त्यांनी वाटी ढकलून दिली. वाटी बाजेवरून पडली, फरशीवर घरंगळत उंबऱ्यापर्यंत गेली आणि तिथं गोल फिरत थांबली.

हवालदारांनी ती उचलली. परत आणून तिच्यापुढं धरली. या वेळी विचारलं काही नाही. काकूंनी ती पुन्हा ढकलली. मग डोळे मिटून घेतले आणि त्यांच्या एका डोळ्यातून पाणी कानाकडं वाहत गेलं.

"नगं हुतं व्हय तुला?" हवालदार म्हणाले. "पयल्यापास्नं?"

"व्हय."

हा शब्द पुरावा धरता येत नव्हता हे तिथं सर्वांनाच माहीत होतं. पुरावा उंबऱ्यापर्यंत जाऊन आला होता. हवालदार खाली बसले, बाजेला पाठ टेकून. युद्ध पाहिलेल्या माणसाचा चेहरा इतका पांढरा पडलेला मी त्याआधी पाहिला नव्हता.

"दर डाव मी इचारत हुतो," ते मेव्हण्यांना म्हणाले. "दर डाव इचारत हुतो की रं."

परातीत नवं पाणी मेव्हण्यांनीच भरून आणलं.

पाखराला त्यांनी आणखी एक दिवस विश्रांती दिली. सोमवारी आभाळ स्वच्छ होतं. हवालदार आणि मेव्हण्यांनी काकूंना बाजेसकट परसात आणलं, तेव्हा कोवळं ऊन धुण्याच्या दगडापर्यंत आलं होतं. पाखरू काकूंच्या डाव्या हातात दिलं. हवालदार वाकून त्याच्याशी बोलले, त्याच हलक्या आवाजात, "जा गड्या. श्यर्यत हाय का ड्यूटी हाय, तुला काय म्हाईत. कुनीतरी वाट बघत असंल." काकूंनी मूठ सैल केली. पाखरू शेवग्यावर चढलं, घरावरून मोठ्या घिरट्या घेतल्या, प्रत्येक घिरटी आधीच्याहून वर, आणि मग एकाएकी दक्षिणेला सरळ निघालं. शेजारीण कुंपणापाशी उभी होती. "गेलं का हो काकू?" तिनं विचारलं. काकू आभाळाकडं पाहत म्हणाल्या, "व्हय."

त्यानंतर त्या घरात उपाय झाला नाही. मेव्हणे उपाय सांगणाऱ्या म्हाताऱ्याकडं एकदा जाऊन आले; त्यानं हात वर केले. काकूंचं बोट पुन्हा हललं नाही. पुढच्या उन्हाळ्यात ताप येऊन त्या गेल्या.

आळीत बोलणं झालं. पाखरू सोडलं आणि बायको घालवली, असं ते बोलणं होतं. हवालदारांच्या कानावर ते जात असणार. दहाव्याला नदीवर पिंड ठेवला, कावळा लवकर शिवला, आणि मेव्हण्यांना राहवलं नाही. सर्वांसमोर ते म्हणाले, "दाजी, त्या दिवशी सोडलं नसतं तर आक्का जगली असती."

हवालदारांनी त्यांच्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "व्हय."

इतकंच. आवाज काकूंचा नव्हता, पण शब्द नेमका त्यांच्यासारखा पडला, सपाट, ज्यातून काहीही काढता येत नव्हतं. मेव्हण्यांनी तोंड झाकून घेतलं.

मी नंतर पुण्याच्या एका दैनिकात गेलो. दशकाच्या अखेरीस कामानिमित्त सांगलीला आलो, तेव्हा त्या घरी गेलो. लांबूनच आवाज येत होता. विहिरीतले पारवे परत आले होते, आणि विहिरीत न थांबता घरावर, वळचणीला, परसातल्या धुण्याच्या दगडावर बसले होते. आपल्याकडं पारवे घुमणारं घर म्हणजे ओसाड पडणारं घर. शेजारणीनं मला रस्त्यातच तसं सांगितलं, दबक्या आवाजात, हाकलत का नाहीत म्हणून.

हवालदार जोत्यावर बसून ज्वारी टाकत होते. थकले होते, पण पाठ ताठ होती. त्यांनी मला आधी पाणी दिलं आणि विचारलं, "ड्यूटीवर का सुटीवर?" मी सुटीवर म्हणालो, तेव्हा बसा म्हणाले. आम्ही बोलत होतो, पण त्यांची नजर माझ्याकडं नव्हती. दाणे टिपायला आलेल्या प्रत्येक पारव्याच्या पायांकडं ते पाहत होते, एकेक करून, हजेरी घ्यावी तसे.

"काय बघताय?" मी विचारलं.

"वाळा," ते म्हणाले. "रोज बघतो. एवढी पाखरं येत्यात, पर वाळ्यावालं परत आलं न्हाई कवा." त्यांनी उरलेली ज्वारी हातावर चोळून टाकली. "मंजी पोचलं."