यादीत नसलेल्या गल्ल्या

आमची वहिनी रुग्णवाहिका केंद्रात संगणकाचं काम करते. तिथेच मी फोन घेते. घरी ती चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधते, तेव्हा दादा म्हणतो, "हिच्या भरवशावर गाड्या धावतात म्हणे."

फोन आला की मी पडद्यावर आधी भाग निवडते. लगेच खालच्या चौकटीत त्याच भागातल्या गल्ल्या येऊन बसतात. गल्ली निवडली की गाडी पाठवायचं बटण उघडतं आणि ड्रायव्हरला तिथला रस्ता दिसतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी आ वासून बसले होते.

"एवढं सगळं तू या पडद्यावरच्या पानात लिहून ठेवलंयस?" मी वहिनीला विचारलं.

"छे गं. तू भाग निवडलास की पान डेटाबेसला, म्हणजे नोंदींच्या साठ्याला विचारतं, इथल्या गल्ल्या कोणत्या? तो सांगेल त्या दाखवायच्या."

विचारलं की उत्तर हजर. आमच्या घरात असं कधी घडलेलं नाही, त्यामुळे मला अजूनही त्याचं अप्रूप वाटतं.

यादी लांबलचक होऊ नये म्हणून वहिनीने त्या प्रश्नात एक अट घातली होती: जिथे निदान एका घराची नोंद आहे, तीच गल्ली दाखव. फोन घेणाऱ्या आम्ही सगळ्याजणी खूश होतो.

एका दुपारी फोन आला. बायको न्हाणीघरात पडली होती, शुद्धीवर नव्हती, श्वास घरघरत होता. नवरा गल्लीचं नाव सांगत होता आणि ते यादीत नव्हतंच. शेजारची निवडावी तर मधे मोठा नाला. गाडी पलीकडेच अडकली असती. मी खुर्चीतूनच वळून हाक मारली.

"वहिनी, गल्लीच नाहीये."

मी नाव सांगितलं आणि तिचा चेहरा उतरला. "नवी वस्ती आहे. घरांची नोंद व्हायचीय. माझ्याच अटीने गाळली." ती टेबलाकडे धावली. मी त्या माणसाला सांगत राहिले, त्यांना कुशीवर वळवा, फोन ठेवू नका.

"अट काढली. भाग पुन्हा निवड."

मी निवडला. गल्ली आली, बटण उघडलं, गाडी निघाली. पण यादी तिथे संपली नव्हती. मी खाली सरकवत गेले तर गल्लीमागून गल्ली, कधी न पाहिलेली नावं. कानात तो माणूस बायकोला हाका मारत होता.

मग फोनमधूनच सायरन ऐकू आला. "आली, दारात आली," तो म्हणाला आणि रडायला लागला. बाई वाचली, ते संध्याकाळी कळलं.

वहिनी माझ्या खुर्चीमागे उभी राहून एकेक नाव हळूच वाचत होती. शेवटपर्यंत वाचून झाल्यावर म्हणाली, "आणि मला वाटत होतं, इथे कोणी राहत नाही."