अर्बाबच्या गाडीतली बाजूची सीट

हर्णै बंदराच्या आसपास जन्मलेल्या माणसांत बदरुद्दीनइतकी महागडी गाडी कुणी चालवली नसेल, आणि गाडीत त्याच्याइतकं एकटं कुणी बसलंही नसेल. गाडी अर्थातच त्याची नव्हती. मस्कतच्या कुरुम भागात ज्या बंगल्यावर तो ड्रायव्हर होता, तिथल्या अर्बाबची, म्हणजे मालकाची होती. लालभडक, जमिनीला टेकेल इतकी बुटकी, जेमतेम दोन माणसांची. अर्बाबने उतारवयात हौसेने घेतली, दोनदा चालवली आणि कंबर धरून बसला. तेव्हापासून तो उंच जीपमधून फिरू लागला आणि ही पडली गॅरेजात.

थंडी लागली की अर्बाब लेकीकडे परदेशी, बर्फाच्या मुलखात जायचा. जाताना त्याचा हुकूम ठरलेला असे. "बदर, हर जुम्मा गाडी बाहर निकालो. नहीं तो बॅटरी खलास." त्यामुळे हिवाळाभर दर शुक्रवारी नमाज आटोपून, इस्त्रीचा शर्ट घालून, बदरुद्दीन त्या गाडीतून बरका गावापर्यंत जाऊन यायचा. सिग्नलला शेजारच्या गाडीतली पोरं कौतुकाने वाकून बघत. आत कुणी शेख नसून पिकल्या दाढीचा कोकणी माणूस आहे हे कळलं की खुदकन हसत. याला त्याचं काही वाटत नसे.

बाजूची सीट मात्र रिकामी नसे. तिच्यावर तो फोन ठेवायचा आणि गाडीच्या स्पीकरमधून नसीबाचा, त्याच्या बायकोचा आवाज यायचा. "जेवलाव काय?" हा तिचा पहिला प्रश्न. मग विहिरीचा पंप, वाडीतली भांडणं, मुलाच्या, साकिबच्या, नव्या टेम्पोची पिरपिर. बदरुद्दीन तिला रस्ता सांगायचा: आता समुद्र दिसला, आता खजुरीची बाग लागली. शेवटी ती विचारायची, "मग, कवा येताव?" हा म्हणायचा, "इन्शाल्ला, बघू." आणि फोन बंद व्हायचा.

एका शुक्रवारी बंगल्यावर परतताना त्याच्या ध्यानात आलं, की नसीबा हल्ली हे विचारत नाही. कधीपासून, ते काही केल्या आठवेना. हे त्याला फार लागलं. सुट्टीवर गेलं की आपल्यासाठी कपाटातली पाहुण्यांची प्लेट निघते, झोपायला कुठली खोली हवी म्हणून सून अदबीने विचारते, हे सगळं त्याला एकदम आठवायला लागलं. घर आपल्याविना छान चाललंय. आपण गेलो तर त्यांची अडचणच होईल, असं त्याने मनाशी धरलं आणि ते उराशी घेऊन तो दोन हिवाळे गाडी फिरवत राहिला.

मग ज्या हिवाळ्याची ही गोष्ट, त्यात दोन गोष्टी एकदम आल्या. ओमानात राहण्याचा त्याचा परवाना संपत आला होता. तो पुढे वाढवायचा की नाही, हे महिनाअखेर कळव, असं अर्बाबने परदेशातून सांगितलं. आणि त्याच अर्बाबच्या मेहरबानीने नसीबाला महिन्याभराचा व्हिसा मिळाला. बदरुद्दीनने ठरवलं, तोंडावर विचारायचं. मी घरी यायला हवाय की नकोय?

पण तोंडावर बोलणं दोघांच्या अंगवळणीच नव्हतं. लग्नाला तीस वर्षं होत आली, तरी सगळ्या सुट्ट्या जोडून संसार तीन वर्षांचा भरला नसता. गॅरेजमागच्या त्याच्या खोलीत ती स्वयंपाक करी, केर काढी, तो जेवून "झकास झालंय" म्हणे आणि पुढे दोघं पंख्याकडे बघत बसत. फोनवर तासभर बोलणारी बाई हीच का, असं त्याला वाटे. तिलाही तेच वाटत असणार. असा महिना सरत आला.

शेवटच्या शुक्रवारच्या आदल्या दिवशी सगळ्यांच्या व्हॉट्सॲपवर जबल शम्सच्या डोंगरावर बर्फ पडल्याचे व्हिडिओ फिरायला लागले. महिन्याभरात नसीबाने पहिल्यांदा काही मागितलं. "मासळीचा बरफ जलमभर बघितलाय. आभालातला बघू की एकदा." बदरुद्दीनने भीतभीत अर्बाबला फोन लावला. तो हसून म्हणाला, "यल्ला, चलो! लाल गाडी ले जाओ."

नसीबा बाजूच्या सीटवर पर्स पोटाशी धरून, अंग चोरून बसली. ज्या सीटवरून तिचा आवाज इतके हिवाळे बडबडला, तिथे ती अख्खी बसली होती आणि चकार शब्द काढत नव्हती. बदरुद्दीन प्रत्येक वळणाला ठरवी, आता विचारतो. तोंडातून निघे, "एसी लागतोय का?" ती म्हणे, "नाय." निझवा शहर मागे पडलं, घाट लागला, तरी हेच.

डांबर संपलं तिथे त्याने गाडी थांबवली. पुढे खडी, आणि गाडीचं पोट जमिनीला लागलं असतं. तेवढ्यात भुरभुरायला लागलं. दोघं उतरली. नसीबाने ओढणी पुढे धरली, त्यावर पांढरं साचलं, तिने ते चिमटीत घेतलं. "मऊ हाय वो," ती म्हणाली आणि पोरीसारखी हसली. ते हसणं बघून बदरुद्दीनला इतकं बरं वाटलं की विचारायचं राहूनच गेलं. मग तिला हुडहुडी भरली आणि ती आत जाऊन बसली.

पुढची काच बर्फाने भरली होती. खालचा थर तर काचेला चिकटून टणक झाला होता. तरुणपणी बंदरावर मासळीच्या पेट्या बर्फाने एकमेकींना चिकटल्या, की बदरुद्दीन वर कढत पाणी ओतायचा आणि पेट्या सुटायच्या. त्याने चहासाठी आणलेला कढत पाण्याचा थर्मास काढला आणि काचेवर रिकामा केला. ताड! एक तडा या टोकापासून त्या टोकापर्यंत, नसीबाच्या तोंडासमोरून सरळ गेला.

आयुष्यात एकदा बायकोला मानाने गाडीत बसवलं, आणि तिच्या देखत मालकाची काच फोडली. तिच्याकडे बघायची हिंमत होईना. तो रस्त्याच्या कडेला जाऊन दरीकडे तोंड करून उभा राहिला. खिशातला फोन वाजला. नसीबा.

सवयीने त्याने तो कानाला लावला.

"जेवलाव काय?"

"नाय अजून. तू?"

"डबा हितं हाय नि तुमी तितं. कशी जेवू? काच फुटली तर फुटली. तुमाला भाजलं नाय ना?"

"नाय." मग दरीकडे बघतच त्याने विचारलं, "नसीबा, कवा येताव, ह्या इचारायचा तू का सोडलास?"

नसीबा म्हणाली, "तुमी इन्शाल्ला बोलायचाव तवा तुमचा आवाज पडायचा. मना वाटला, कशाला उगाच इचारून तुमच्या जिवाला घोर."

"आन् मना वाटला, घरात आता माझी गरज नाय."

"गरजेला गडी मिलतो," नसीबा जरा चिडूनच म्हणाली. "मी गरजेसाठी इचारत होते काय?" आणि मग हळूच, पूर्वीसारखं, "कवा येताव?"

"इन्शाल्ला, बघू" अगदी ओठांवर आलं होतं. त्याने ते गिळलं. "काचेचा सांगाया अर्बाबला फोन करायचाच हाय. त्याच फोनात सांगतो, परवाना नको. खलास."

"बरा. ठेवते मग," ती म्हणाली, नेहमीसारखी.

त्याने डोळे पुसले, बाहीने काच पुसली आणि आत येऊन बसला. दोघांनी डबा खाल्ला. गाडी सावकाश घाट उतरू लागली आणि दोघं पुन्हा गप्प झाली. बोलायचं इतकं होतं, पण शेजारी बसून सुरुवात कुठून करायची, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. खालचा सपाट रस्ता लागला, ऊन आलं. नसीबाने पर्समधून फोन काढला आणि समोरच्या तड्याकडे बघत विचारलं, "लावू काय?"

"लाव," बदरुद्दीन म्हणाला.