नकाशाच्या कडेला दिसलेली दुसरी खूण

या फोरमवरचे अनुभव मी गेली दोन वर्षं वाचतोय... खरं सांगायचं तर बऱ्याचदा हसत वाचतोय. चकवा, मागून आलेल्या हाका, पिंपळाखालची बाई — माझा कशावरच विश्वास नव्हता. आजही फारसा नाही. पण 2008 साली माझ्याबाबतीत जे घडलं ते सांगायचं तर आधी माझी एक चूक कबूल करावी लागते. चूक कसली, अपराधच. म्हणून इतके दिवस लिहिलं नाही.

आमचं घर तळाशीलला. मालवणच्या उत्तरेला, एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला खाडी, मध्ये वाळूची पट्टी. वडील — आम्ही त्यांना आबा म्हणायचो — छोट्या होडीतून गरीने, म्हणजे गळाने, मासे पकडायचे. किनाऱ्यापासून बरंच आत, पाण्याखाली एक खडक आहे. तिथे तांबोशी मिळते. पण वरून बघाल तर सगळीकडे सारखंच पाणी! जागा सापडते ती किनाऱ्यावरच्या खुणांवरून. पूर्वेकडे बघायचं, देवळाचा कळस मागच्या डोंगराच्या खाचेत बरोबर बसला पाहिजे. ही एक रेषा. मग उत्तरेकडे बघायचं. तिथल्या दोन वस्तू एकामागे एक आल्या पाहिजेत. ही दुसरी. दोन्ही जुळल्या की खाली खडक. या खुणा कोणी लिहून ठेवत नाही. बापाने होडी सोपवताना मुलाला तोंडी सांगायच्या, तेही समुद्रावर जाणाऱ्या मुलालाच.

मी जाणारा नव्हतो. होडीत बसलं की मला उलट्या होतात. मी मालवणात एका कचेरीत कारकून. समुद्रावर जायचा तो धाकटा भाऊ दिगू. 1999 साली आबा आजारी पडले तेव्हा तो देवगडला ट्रॉलरवर होता. शेवटच्या दुपारी आबांनी मला जवळ बोलावलं, दोन्ही खुणा सांगितल्या आणि म्हणाले, "दिगूक सांग."

दिगू पोचला तेव्हा सगळं संपलं होतं. तेराव्यानंतर त्याने विचारलं, "दादा, आबान माझ्यासाठी काय सांगल्यान?"

मी म्हटलं, "काय नाय."

का म्हटलं? आयुष्यभर आबा आणि दिगू समुद्राचं बोलत आणि मी जवळ गेलो की गप्प होत. पहिल्यांदाच आबांनी मला काही दिलं होतं... आणि तेही दुसऱ्याला द्यायला. मला ते थोडे दिवस स्वतःजवळ ठेवायचं होतं, एवढंच. थोड्या दिवसांचं वर्ष झालं, आणि एकदा मनात उजळणी करताना लक्षात आलं — दुसरी खूण मी विसरलोय. एका रेषेवर समुद्रात काहीच सापडत नाही. मग तर तोंड उघडायची सोयच राहिली नाही.

दिगूच्या मनात मात्र बसलं की बापाने आपल्याला परका ठेवला. हळूहळू त्याने आमच्या घरी येणं सोडलं. 2008 च्या एप्रिलात कळलं, तो आबांची होडी विकून कायमचा दुसऱ्याच्या ट्रॉलरवर जाणार.

आता गेमबद्दल. माझी मुलगी प्राची तेव्हा पुण्याला शिकत होती. रविवारी भेट व्हावी म्हणून तिने घरच्या कंप्युटरवर एक ऑनलाइन गेम टाकून दिला होता. बेटं, किल्ले, राक्षस, आणि देशोदेशीची माणसं खेळताहेत. मला लढाई जमायची नाही. मी आपला बघत हिंडायचो. भिंतीच्या कुठल्या अंगाला शेवाळ आहे, वाळूत कुर्ल्यांची बिळं कशी काढलीत... कोणीतरी मन लावून हे केलेलं, आणि सगळे त्यावरून धावत जात होते!

"बाबा, मागे राक्षस आसा!" प्राची हेडफोनमध्ये ओरडायची. "तुमी काय बघतास?"

"अगो, वाळत घातलेलां ह्यां जाळां बघ. फाटलां थंय कोणीतरी गाठी मारल्यानी."

"मेलास तुमी. परत."

त्या रविवारी तिची परीक्षा चालू होती, म्हणून दुपारी मी एकटाच होतो. गेममधली एक लहान होडी घेतली आणि पश्चिमेकडे निघालो, जिथे कोणाला काही कामच नसतं. नकाशाच्या कडेला होडी थांबली. मी वळून किनाऱ्याकडे बघितलं.

एका बुरुजाचं टोक मागच्या डोंगराच्या खाचेत बसलं होतं.

मी डावीकडे, उत्तरेला बघितलं. पाण्यात काळा खडक. त्याच्यामागे कड्यावर एक वाकडं झाड, शेंडा मोडलेला. आणि आबांचा आवाज आठवला, जसाच्या तसा — काळ्या खडकामागे उंडीचं झाड अर्धं आत, अर्धं बाहेर! होडी जराशी हलवली तेव्हा बुंध्यामागे कड्यात एक उभी, दारासारखी फट दिसली. तिचं आबांनी काही सांगितलं नव्हतं. तेवढ्यात लोडशेडिंग... स्क्रीन काळा. मी कॅलेंडरचं पान फाडून पाठीमागे सगळं काढून ठेवलं, फटीसकट, आणि तसाच दिगूकडे गेलो.

तो किनाऱ्यावर होडीचा तळ खरवडत होता. गिऱ्हाईक बघायला येणार होतं. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्याचा हात थांबला.

"नऊ वर्सां, दादा," तो म्हणाला. "माका वाटलां, मरताना आबाक माझी सयसुद्धा येवक नाय."

मी खिशातून कागद काढला.

मग तो कोरडं हसला. "आनी सांगलंस तां पण फुकट. उंडीचां झाड आबा गेलो त्याच पावसात पडलां. आता खूण खंय गावतली?"

मी कागद पुढे केला. त्याने बराच वेळ बघितला. फटीवर बोट ठेवलं.

"ही तू खंय बघलंस?"

"कंप्युटरात. गेममध्ये."

"कसलो गेम! ही फट जमनीवरसून दिसणा नाय. झाड होतां तवसर समुद्रातसूनय दिसा नाय होती. आनी तू वीस वर्सांत होडयेत पाय ठेवक नाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मला घेऊन गेला. कळस खाचेत बसवला, मग त्याच रेषेवर होडी हळूहळू सरकवत राहिला, फट काळ्या खडकाच्या कडेला येईपर्यंत. दोरीला शिसं बांधून खाली सोडलं. वर काढलं, थोडं पुढे परत सोडलं. तिसऱ्यांदा दोरी त्याच्या हातात थरकली.

"दगड," तो म्हणाला. माझ्याकडे बघितलं नाही.

दोन तांबोश्या वर आल्या, तिसरी दोर तोडून गेली. मी तोपर्यंत आडवा झालो होतो. "ओक," दिगू म्हणाला, "पण होडयेच्या भायर ओक."

परीक्षा संपल्यावर प्राचीला ती जागा बघायला सांगितली. तिचा फोन आला. "बाबा, थंय कायच नाय. नुसती वाळू. बुरुज नाय, झाड नाय." मीही पुन्हा गेलो. वाळूच. तिने इतर खेळाडूंना विचारलं, कोणी असं काही पाहिलं नव्हतं. नऊ वर्षांची टोचणी, त्यातून मनानेच आबांची विसरलेली खूण वर काढली, हे मी मान्य करतो. पण फट? जी मी कधी पाहिली नाही आणि आबांच्या हयातीत जी दिसतच नव्हती ती? उत्तर नाही. शोधायचंही सोडलंय.

दिगूने होडी विकली नाही. माफ केलं असं तो म्हणालेला नाही, मीही विचारत नाही. पण रविवारी दुपारी येतो, ओट्यावर बसतो, आणि विचारतो, "आबा त्या दिवशी आनी काय बोललो?" मी आठवून आठवून सांगतो. पेज मागितली, दोन घास घेतले. खिडकी उघडायला लावली. वारा कुठचा ते विचारलं.

"खंयचो होतो?"

मला वाऱ्यातलं काय कळतंय! पण खिडकीतून दिसणारा माड आठवतो, झावळ्या कुठे झुकल्या होत्या तेही. तेवढं मी सांगतो. मग दिगू डोळे मिटून जरा थांबतो, आणि वारा कुठचा होता ते मला सांगतो.