टेलला पोहोचलेलं निळं पाणी

"पाणी हालतंय का झोपलंय?" चेअरमनसाहेबांनी स्क्रीनकडे बोट दाखवून विचारलं.

झोपलंच होतं. माजलगाव धरणातून निघणारी आमच्या पाणीवाटप सोसायटीची चारी, म्हणजे पोटकालवा, मी सोसायटीच्याच कंत्राटावर कंप्युटरमध्ये काढली होती. तिच्यातून निळं पाणी वाहताना दिसायला हवं होतं. पण मशीन असं, की एक ठिपका पुढे सरकेपर्यंत उसाला तुरा यायचा.

साल दुष्काळाचं. चारी एकदाच सुटणार. चारीच्या तोंडाला चेअरमनसाहेबांचा ऊस; शेवटाला, म्हणजे टेलला, आसारामबप्पांची मोसंबी वाळत चाललेली. पाणी टेलपर्यंत जातच नाही, वाटेतच मुरतं, हे साहेबांना सभेत कंप्युटरच्या तोंडून वदवायचं होतं. मग टेलची पाण्याची पाळी रद्द केली तर ओरडणार कोण?

"मशीनला अपूर्णांक झेपत न्हाईत, साहेब."

"मंग देऊ नका त्याला."

साहेबांना पत्ता नव्हता, पण यालाच फिक्स्ड पॉइंट म्हणतात. गवंडी सव्वातीन इंच म्हणत बसत नाही. इंचाचे आठ सूत धरतो आणि सव्वीस सूत म्हणून मोकळा होतो. मी एकाचे दोनशे छप्पन सूत केले. सगळे आकडे पूर्ण. पाणी असं धावलं, की मी टेबलावरचा चहा उचलून धरला. साहेब खूश. हालतंय एवढं दोघांनी बघितलं. कुठवर जातंय ते कुणीच नाही.

सभेला चौसाळ्याहूनसुद्धा लोक आले. त्यांचा आमच्या चारीशी काडीचा संबंध नव्हता.

साहेब उभे राहिले. "मी बोललो तर राजकारण म्हणाल. ह्या मशीनला ना ऊस, ना मोसंबी. ते दाखवील तशी पाळी. मान्य?"

"मान्य." ठराव झाला.

मी बटण दाबलं. पाणी निघालं, उसाला ओलांडून गेलं आणि थेट टेलला काठोकाठ उभं राहिलं.

साहेब माझ्या कानाशी आले. "कावून रे? मुरलं न्हाई का?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. चारीचे मी बारीक तुकडे केले होते. एका तुकड्यात मुरणारं पाणी एका सुताहूनही कमी. मशीनने ते शून्य धरलं. शून्य कितीदाही वजा करा, पाणी तेवढंच.

"गळती लई बारीक हाय, साहेब. मशीनला दिसली न्हाई."

आसारामबप्पा पहिल्याच रांगेत बसले होते. "मंग तुमीबी बघू नका, चेअरमनसाहेब," ते शांतपणे म्हणाले. "ठराव झालाय."

पाळी सुटली. टेलवाले काठ्या घेऊन चारीवर बसले, तेव्हा कळलं की पाणी जमिनीत कमी आणि वाटेत चोरून लावलेल्या मोटारींतच जास्त मुरत होतं. टेलला घोट्याएवढं पाणी आलं. मोसंबी जगली, माझं कंत्राट वाळलं.

प्रोग्रॅम शिकणाऱ्यांना मी एवढंच सांगतो: अपूर्णांक खुशाल उडवा, पण तो कुणाच्या शेतातला आहे ते आधी बघून घ्या.